उजवा पंख

नाव सोमनाथ पासलकर असलं तरी भोरमध्ये त्याला सगळे ‘विमानवाले’ म्हणायचे. नवखा माणूस स्टँडवर उतरला आणि विमानवाल्यांचं घर कुठं म्हणून विचारलं, तर रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा. हवाई दलात वीस वर्षं विमानांच्या दुरुस्तीवर काढून सोमनाथ परत आला, भोरला घर बांधलं, पासली या मूळ गावची भातखाचरं वाट्यानं लावली आणि उरलेल्या दिवसांत छोटी विमानं जोडत बसला. खेळण्यातली नव्हेत. खऱ्या विमानाच्या मापाबरहुकूम अठ्ठेचाळीसपट लहान केलेले सुटे भाग खोक्यात येतात. ते घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. एका विमानाला तीन-तीन महिने जायचे. बैठकीतल्या काचेच्या कपाटात अशी एकवीस विमानं उभी होती आणि एकाच्याही सांध्यात नख शिरलं नसतं.

पण एक सल होता. पुण्यात दर डिसेंबरात अशी विमानं बनवणाऱ्या हौशी मंडळींचं प्रदर्शन भरायचं. सोमनाथनं तिथं चार वर्षं विमानं नेली आणि चारही वर्षं सहभागाचं प्रशस्तिपत्र घेऊन परत आला. चौथ्या वर्षी परीक्षकांनी कागदावर लिहिलं होतं, ‘काम अतिशय नेटकं, पण खरं वाटत नाही.’ तो कागद त्यानं घडी करून पाकिटात ठेवला होता. खरं वाटत नाही म्हणजे काय? सोळा वर्षं मिग विमानांच्या पोटाखाली आडवं पडून त्यानं काम केलं होतं. त्याच्याइतकं खरं विमान त्या परीक्षकांनी बघितलं तरी होतं का?

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता त्याचा रंग फवारायचा छोटा कॉम्प्रेसर बिघडला. हातातलं मिग-२१ अर्धं रंगवून झालेलं. पासलीला जाता-येता नसरापूरच्या पुढं वेल्ह्याच्या रस्त्यावर जहांगीर मुलाणींचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज लागायचं. दोघांची जुनी ओळख होती. सोमनाथ विमान खोक्यात घालून तिथं गेला आणि तिथल्या कॉम्प्रेसरवर त्यानं उरलेला रंग मारला. जहांगीरभाईंना मोतीबिंदूनंतर रंगातले बारीक फरक दिसेनासे झाले होते, म्हणून रंग जुळवायचं काम आता त्यांची मुलगी अजरा बघायची. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, ओढणी कमरेला खोचलेली, बोटांना कायम थिनरचा वास. दहा वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोचं एक दार बदललं, तर नवं दार जुन्यात मिसळून जाईल असा रंग ती डोळ्यांनी बघून घोटायची. पुण्याहूनसुद्धा लोक तेवढ्यासाठी गाडी घेऊन यायचे.

रंग वाळायला ठेवलेलं विमान ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

“काका, हे उडत न्हाई का?”

“म्हणजे?”

“शोरूममधनं आत्ता काढल्यागत दिसतंय. उडलेल्या गाडीवर… विमानावर काहीतरी खूण ऱ्हात असंल की.”

जहांगीरभाई हसले. “तिचं मनावर घेऊ नका साहेब. तिला नवी गाडी बघवतच न्हाई.”

सोमनाथही हसला, पण पाकिटातला कागद त्याला टोचला. तो म्हणाला, “मग कर की तू खूण. घरी एक जुनं मिग पडलंय, शेपटी मोडलेलं. तेच देतो आणून.”

दोन आठवड्यांनी अजरानं ते परत दिलं. सोमनाथनं खोक्याचं झाकण काढलं आणि तो तसाच उभा राहिला.

तिनं मोडलेली शेपटी सांधली होती, पण ते सोडा. विमानाची पाठ पोटापेक्षा फिकी होती, उन्हानं रंग वरूनच उतरतो तशी. पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेषांत पातळ काळा रंग बसला होता, कुठं गडद, कुठं नुसता भास. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा बेंड तापून तापून निळसर, जांभळट, मग तांबूस होतो, नेमका तो रंग मागच्या धुराड्याच्या तोंडाशी उतरला होता. आणि पोटाखाली एक तेलाचा ओघळ मागं पसरत गेला होता. तो ओघळ सोमनाथला ओळखीचा होता. सोळा वर्षं रोज सकाळी फडकं घेऊन त्यानं तो पुसला होता.

“हे तुला कुणी सांगितलं?” त्यानं ओघळावर बोट ठेवून विचारलं.

“सांगायचं काय त्यात? खाली झाकणं हायेत. झाकण म्हणलं की गळणारच. आन् गळलं की वारा मागं नेणार.” ती उत्साहानं सांगू लागली. टेम्पोच्या सायलेन्सरमधली काजळी खरवडून ओढणीतून चाळली होती. चाकांना वेल्ह्याच्या रस्त्याची लाल माती पाण्यात कालवून लावली होती. जिथं मेकॅनिक पाय देत असतील तिथला रंग फोमच्या तुकड्यानं टिपून उडवला होता.

सोमनाथ “छान, छान” म्हणत राहिला. जहांगीरभाईंनी चहा मागवला, तो त्याला गोड लागला नाही. घरी येताना सगळ्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. या पोरीनं जन्मात विमानाला हात लावलेला नाही. लोहगावच्या विमानतळाकडं वरून जाताना दिसतं तेवढंच विमान तिनं बघितलेलं. आणि आपण सोळा वर्षं ज्या यंत्राचा घाम पुसला, ते आपल्या हातून नाही उभं राहिलं, तिच्या हातून राहिलं.

त्यानं ते मिग कपाटात मधल्या फळीवर ठेवलं. ठेवलं नसतं तरी चाललं असतं, पण त्याला ते सारखं बघावंसं वाटायचं आणि बघवायचंही नाही. शेजारची त्याची स्वतःची वीस-एकवीस विमानं आता लग्नाच्या रुखवतात मांडल्यासारखी दिसू लागली होती.

त्याची बायको शालन कपाट पुसताना थांबली. “ह्यात कुणीतरी बसून गेल्यावानी वाटतंय,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत ती कुठल्याच विमानाबद्दल चांगलं-वाईट काही बोलली नव्हती.

पुढच्या रविवारी माजी सैनिकांच्या बैठकीसाठी काही जण घरी आले. त्यांतल्या कुमार हवालदारानं मिगचा फोटो काढून तिथल्या तिथं व्हॉट्सॲपवर टाकला. ‘सोमनाथ, आता खरं जमलं बघ तुला.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. सोमनाथनं बराच वेळ मोबाईल हातात धरला आणि शेवटी हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं.

“अजराचं नाव का न्हाई टाकलं?” शालननं विचारलं.

“टाकतो नंतर,” तो म्हणाला. टाकलं नाही.

त्या वर्षीच्या प्रदर्शनाला विषय होता शिकाऊ वैमानिकांची विमानं. सोमनाथनं हॅरवर्डचं खोकं मागवलं. नवीन वैमानिक एके काळी ज्यावर शिकायचे ते पंख्याचं जुनं विमान, वीतभर लांबीचं, पिवळ्या रंगाचं. एखादा भाग बिघडला तर असावं म्हणून त्यानं दोन खोकी मागवली होती. ही गोष्ट जहांगीरभाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी सरळ विचारलं, “साहेब, एक आमच्या अजराला द्या की. तिची बी लई इच्छा हाय प्रदर्शनात ठेवायची. तुमच्यामुळंच नाद लागला तिला.”

नाही म्हणायला कारण सापडेना. सोमनाथनं खोकं दिलं.

मग त्यानं स्वतःचं हॅरवर्ड जोडायला घेतलं. जोडलं नेहमीसारखं, नख न शिरणारं. पण पुढं त्याचा हात अडू लागला. तव्याची काजळी काढून त्यानं धुराड्यामागं लावली, ती डोळ्यात काजळ पसरल्यासारखी झाली. पुसली, पुन्हा लावली. आयुष्यभर ज्यानं डाग पुसायचा पगार घेतला त्याला डाग लावता येत नव्हता. जिथं लावील तिथं तो मापून, सरळ रेषेत बसायचा. शालन चहा घेऊन आली आणि क्षणभर बघून म्हणाली, “दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीय का?”

सोमनाथनं चहा घेतला नाही.

नोव्हेंबरात तो पासलीची भातझोडणी बघून परत येत होता, तर अजरानं गॅरेजमधून हात केला. त्याला थांबावं लागलं. तिचं हॅरवर्ड बाकावर होतं, पिवळा रंग देऊन झालेला, पुढचं काम बाकी. सोमनाथनं त्याच्याकडं नीट बघायचं टाळलं.

“काका, एक विचारू? दोन्ही पंखांवर बुडाशी पाय द्यायची काळी पट्टी हाय. माणूस चढायचा कुठनं? जिथनं चढतो तिथलाच रंग जाणार. टेम्पोचं बी ड्रायव्हरकडचंच दार झिजतं.”

हॅरवर्डवर डावीकडून चढायचं, हे हवाई दलातल्या कोणत्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. उजवीकडं धुराड्याचा मोठा पाईप बाहेर येतो. सोमनाथनं हॅरवर्डवर कधी काम केलं नव्हतं, पण प्रशिक्षण केंद्राच्या दाराशी एक उभं करून ठेवलेलं होतं आणि त्यांच्या उस्तादानं पहिल्याच आठवड्यात ते चढून दाखवलं होतं. डावा पाय, डावा पंख.

“उजवीकडनं,” सोमनाथ म्हणाला.

इतक्या सहज आलं तोंडातून की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“नक्की ना?”

“वीस वर्षं काढलीत म्या तिथं.”

अजरानं मान हलवली आणि पेन्सिलीनं उजव्या पंखावर बारीक फुली केली. सोमनाथनं मोटारसायकलला किक मारली. कापूरहोळपर्यंत त्यानं स्वतःला समजावलं की परीक्षेत कुणी शेजारच्याला उत्तर सांगतं का? दोघांचं विमान एकाच टेबलावर लागणार. ज्यानं त्यानं आपलं शोधावं. भोर आलं तोवर त्याला जवळजवळ पटलंसुद्धा होतं. परीक्षकांत म्हणे एक जुने वैमानिक असणार होते, हॅरवर्डवर शिकलेले. ते उजव्या पंखावरची झीज बघतील, हसतील, आणि पोरीचं सगळं काम त्या एका चुकीपायी खोटं ठरेल. हे चित्र त्यानं महिनाभर मनात घोळवलं. त्यात गोडी होती हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तो हवाई दलाचा बिल्ला लावलेला कोट घालून सकाळच्या एसटीत बसला, मांडीवर खोकं. नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर अजरा चढली. तिच्या हातात चपलांचं खोकं होतं, त्यावर सुतळी बांधलेली. ती त्याच्या शेजारीच बसली.

“अब्बांना यायचं होतं, पर एक ट्रक द्यायचा हाय आज,” ती म्हणाली. “भीती वाटतीय, काका. तिथं सगळे शिकलेले लोक येत असतील.”

“भ्यायचं काय त्यात,” सोमनाथ खिडकीबाहेर बघत म्हणाला.

शाळेच्या सभागृहात टेबलं मांडलेली होती. प्रत्येक विमानापुढं नावाची चिठ्ठी. सोमनाथनं आपलं हॅरवर्ड ठेवलं. शेजारी अजरानं सुतळी सोडून तिचं ठेवलं आणि बाजूला झाली. सोमनाथनं पहिली नजर टाकली ती उजव्या पंखावर.

उजवा पंख शाबूत होता. काळी पट्टी जवळजवळ नवी, तिच्यावर फक्त धुराड्याच्या काजळीची झाक. झीज डाव्या पंखावर होती. बुडाशी पट्टीचा रंग उडून खालचा चंदेरी पत्रा उघडा पडला होता, आणि वर चढताना बूट घासतो तिथं दोन-तीन ओरखडे.

सोमनाथ टेबलावर वाकला. “मी उजवीकडनं सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“व्हय.” अजरा विमानाकडंच बघत होती. “पर धुराडं उजवीकडं हाय, काका. गरम सायलेन्सरशेजारी पाय देऊन कोण चढंल? आमच्याकडं निम्म्या पोरांच्या पोटऱ्या भाजल्यात गाडीवर. म्हणलं, तुमी इसरला असाल.”

“इसरला असाल” हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्यात नेमकं काय होतं ते सोमनाथला कळेना. तिला खरंच तसं वाटत होतं, की ती त्याला वाट करून देत होती? विचारायची सोय नव्हती, कारण तोवर परीक्षक आले होते.

तिघं होते. त्यातले एक ऐंशीच्या आसपासचे, पाठीत वाकलेले, जुने वैमानिक. ते सोमनाथच्या हॅरवर्डपाशी थोडं थांबले, “सुबक,” म्हणाले आणि पुढं सरकले. अजराच्या विमानापाशी मात्र ते थांबले ते थांबलेच. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा डावा पाय टाचेतून थोडा वर उचलला गेला आणि हात हवेत पुढं झाला, जणू तिथं धरायला काहीतरी होतं. मग त्यांनी चिठ्ठी वाचली.

“अजरा मुलाणी, नसरापूर. कोण?”

अजरा पुढं झाली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या रंग लागलेल्या नखांकडं बघितलं, आणि मग त्यांची नजर शेजारी उभ्या सोमनाथच्या कोटावरच्या बिल्ल्यावर गेली.

“तुम्ही यांच्याबरोबर आलात? भोरचे ना तुम्ही?”

“होय सर.”

“मग हे काम तुमचं दिसतंय.” ते प्रेमानंच हसले. “विद्यार्थिनीचं कौतुक व्हावं म्हणून गुरूनं हात मारला, काही बिघडलं नाही. पण आमचा नियम आहे, ज्याच्या नावानं ठेवलं त्यानंच केलेलं हवं. ही झीज बघा. हॅरवर्डजवळ राहिलेल्या माणसाशिवाय हे कुणाला कळणार नाही.”

दुसऱ्या परीक्षकानं पेन काढलं. अजरा सोमनाथकडं बघत होती.

सोमनाथ गप्प राहिला. किती वेळ ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही, दोन श्वास असतील किंवा दहा. आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या वैमानिकानं त्याच्याकडं असं बघितलं होतं, आपल्यातला माणूस म्हणून. काही बोलायची गरजसुद्धा नव्हती. नुसतं हसलं असतं तरी भागलं असतं. कुमारच्या फोटोच्या वेळी हात जोडले होते, तसं. अजराचं विमान बाद झालं असतं आणि तिच्या हाताचं श्रेय त्याच्या पदरात पडलं असतं. महिनाभर जे चित्र त्यानं घोळवलं त्याहून हे कितीतरी चांगलं होतं. पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त थांबली होती, रंग वाळेपर्यंत थांबतात तशी.

“न्हाई सर,” सोमनाथ म्हणाला. “माझा हात नाही यात.”

“मार्गदर्शन तरी?”

“मार्गदर्शन उलटं केलं म्या. तिनं विचारलं होतं, कुठून चढतात. मी उजवीकडून म्हणून सांगितलं.”

म्हाताऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “किती वर्षं होतात तुम्ही हवाई दलात?”

“वीस.”

“मग चुकून नसेल सांगितलं.”

“नाही. चुकून नाही.”

दुसऱ्या परीक्षकानं पेन खिशात ठेवलं. म्हाताऱ्यांनी अजराला विचारलं, मग तुला डावीकडून कसं कळलं? तिनं सायलेन्सरचं सांगितलं. ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. सोमनाथ कोटाच्या खिशात हात घालून उभा होता आणि त्याला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

अजराला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला पुण्याच्याच एकाला गेला, त्याचं काम तिच्याहून उजवं होतं हे तिनंही मान्य केलं. सोमनाथला पाचवं प्रशस्तिपत्र मिळालं. परतीच्या एसटीत ती पुढच्या बाकावर एका म्हातारीशेजारी बसली. जागा मागंही रिकामी होती. चेलाडी फाट्याला उतरताना तिनं वळून बघितलं नाही.

घरी त्यानं शालनला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नाही. “हेवा कुणाला वाटत न्हाई?” ती म्हणाली. “माझ्या जावेच्या हातची भाकर माझ्यापेक्षा पातळ व्हती. पर म्या तिच्या पिठात माती न्हाई कालवली.”

त्याच दिवशी त्यानं माजी सैनिकांच्या ग्रुपवर लिहिलं की ते मिग नसरापूरच्या अजरा मुलाणीनं केलंय, माझं नाही. खाली कुणीच काही लिहिलं नाही. कुमारनं दुसऱ्या दिवशी लग्नाची पत्रिका टाकली आणि विषय संपला.

दोन महिने सोमनाथ गॅरेजवरून न थांबता गेला. फेब्रुवारीत भाताच्या रोपांसाठी खाचरात पालापाचोळ्याचा राब भाजायचा होता म्हणून तो पासलीला निघाला, तर जहांगीरभाई रस्त्यातच उभे होते. त्यांनी हात आडवा केला.

“पोरीनं सांगितलं समदं,” ते म्हणाले. “तुमी वाईट केलं साहेब. माझ्या पोरीला तुमी खोटं सांगितलं, तिनं तुमाला घरच्यावानी मानलं असताना.”

“व्हय,” सोमनाथ म्हणाला.

“हितं रस्त्यात नगं. आत या.”

अजरा एका जीपच्या दारावर पॉलिश पेपर मारत होती. तिनं हात थांबवला, पण उठली नाही. तिच्यामागं फळीवर एक हेलिकॉप्टर होतं, अर्धं जोडलेलं, कुठून मागवलं देव जाणे. अजून रंगसुद्धा न दिलेल्या त्या प्लास्टिककडं बघून त्याला दिसलं, ही ते कसं करणार, आणि आपण कसं करू शकणार नाही.

“माझा राग गेलेला न्हाई,” अजरा म्हणाली.

“बरोबर हाय.” तो दारातच उभा होता. “माझा बी हेवा गेलेला न्हाई. खोटं कशाला बोलू? हे हेलिकॉप्टर बघितलं आन् परत वाटलं.”

जहांगीरभाईंनी एकदा लेकीकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं. अजरानं पॉलिश पेपर पाण्यात बुडवला, पिळला, थोडा वेळ दारावर फिरवत राहिली.

“ह्याचं तेल कुठनं गळतं?” तिनं खाली मान घालूनच विचारलं.

सोमनाथनं रंगाचा रिकामा डबा उपडा करून ओढला आणि बसला. मिगवर जाण्याआधीची चार वर्षं त्यानं हेलिकॉप्टरवर काढली होती, त्यातलं आठवलं ते सांगितलं. पंख्याच्या मुळाशी ग्रीसचे थेंब कसे चक्राकार उडतात, शेपटीच्या कोणत्या बाजूला धूर बसतो, माणसं दार ओढताना नेमकं कुठं हात लावतात. एक-दोन गोष्टी त्याला आठवेनात, तिथं त्यानं ठाऊक नाही म्हणून सांगितलं. तिनं त्यातली एक गोष्ट पुन्हा विचारली, वेगळ्या शब्दांत. ती आपल्याला तपासून बघतेय हे त्याला कळलं. त्यानं तेच उत्तर पुन्हा दिलं.

राबावर माणसं खोळंबली होती म्हणून तासाभरानं तो उठला. त्यानंतर महिन्यातून दोनदा तरी तो तिथं जातो. ती विचारते, तो सांगतो, आणि मोटारसायकलवरून पासलीकडं जाताना तिच्या हातून काय चांगलं झालं ते अजून त्याच्या मनात मोजलं जातं. पुढच्या प्रदर्शनासाठी दोघांनीही नावं दिली आहेत, वेगवेगळी.